सरावाची पाहुणी

सकाळी माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. माझे हात आणि माझं डोकं यांचं हल्ली एकमेकांशी फारसं बोलणं नसतं, त्यातलाच प्रकार. दूध ओट्यावरून खाली, खालून फ्रिजच्या पोटाखाली. मी तशीच उभी राहिले, वाट बघत. आता चिंगी येणार, कपाळाला हात लावणार, आजी हे डोळे आहेत का बटणं म्हणून विचारणार, मी म्हणणार पातेल्यालाच चक्कर आली त्याला मी काय करू, मग ती आणखी भडकणार, आणि शेवटी आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून एकमेकींचा उद्धार करत फरशी पुसणार. आमच्या घरात दूध सांडलं की हे असं होतं. चिंगी आली. माझी नात, बोबडं बोलायची तेव्हापासून माझ्याजवळ वाढलेली. तिने मान जराशी कलती केली, दोन्ही हात पोटाशी एकात एक धरले आणि हसली. "काही काळजी करू नका," ती म्हणाली, "मी लगेच बघते." करू नका म्हणाली. मला. जिने आयुष्यात मला ‘ए म्हातारे’च्या वर कधी चढवलं नाही, तिने. आणि पुसलं तेही कसं, तर आवाज नाही, आदळआपट नाही, जसं काही सांडलंच नव्हतं, सांडणारी बाईही तिथे नव्हती. मग तिच्या लक्षात आलं, जीभ चावली, सवय लागली गं म्हणाली, आणि केस बांधत निघून गेली. त्या दिवशी तिची शेवटची परीक्षा होती. मी ओल्या फरशीवर उभी, आणि बरगड्यांखाली जे पेटलं ते पेटलंच.

राग मला नवा नाही. बाकीच्या म्हाताऱ्यांना संधिवात असतो, मला राग आहे. हवा बदलली की ठणकतो. पण या रागाला तोंडच सापडत नव्हतं. काढणार कुणावर. पोरगी काही वाईट करत नव्हती. एका फर्निचरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर ती संस्था आहे, तिथे पर्यटनाच्या धंद्यासाठी माणसं तयार करतात. कुशल मनुष्यबळ, असं खालच्या पाटीवर लिहिलंय, त्याच्याशेजारी एक मुलगी ट्रे घेऊन हसतेय. ऊन खाऊन खाऊन तिचे ओठ उडालेत, नुसते दात राहिलेत. वर गेलं की अख्खं खोटं हॉटेल. खोटं काउंटर, त्यावर खरी घंटी. खोटी खोली, त्यात खरा पलंग. खोलीला खिडकीची चौकट, आणि चौकटीत भिंतीला चिकटवलेला समुद्राचा कागद, ज्याचा खालचा कोपरा सुटलाय, त्यामुळे समुद्र कायम थोडासा गुंडाळलेला. सगळीकडे लिंबाच्या फवाऱ्याचा वास, नाकात जाण्याऐवजी जिभेवर बसणारा. तिथे पोरं चादरीचा कोपरा मोडायला शिकतात, एका हातावर ताटल्या तोलायला शिकतात, टॉवेलचा हंस करायला शिकतात. चिंगीने माझ्या उशाशी असा एक हंस करून ठेवला होता तेव्हा तो मोडवेना म्हणून मी अंग ओढणीने पुसलं. खोटं कशाला बोलू, हात सुरेख आहे तिचा. हाताला शिकवा, पायाला शिकवा, कसं चालायचं, कसं वाकायचं, माझं काही म्हणणं नाही. पण चेहरा? चेहरा म्हणजे काय टॉवेल आहे, हव्या तशा घड्या घालायला?

तिथली मुख्य शिकवणारी बाई आहे, पोरांनी तिचं नाव साखरबाई ठेवलंय. तिचं बोलणं ऐकलं की मला घसा खवखवल्यासारखं होतं. पाहुणा लांब असेल तर डोळ्यांनी हसायचं, जवळ आला की ओठांनी. फोनवरसुद्धा हसायचं, पलीकडच्याला ऐकू येतं म्हणे. आणि रोज सकाळी वर्गाच्या दारात उभी राहून ती एकच वाक्य सांगते, की राग घरी ठेवून या. पहिल्या आठवड्यात चिंगीने तिची नक्कल करून दाखवली होती तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो. चिंगीचं खरं हसू तेव्हा शेवटचं ऐकलं मी; ते आधी नाकातून येतं, घोड्यासारखं फुर्र करून, मग तोंडातून. नंतर ते फुर्र बंद झालं. मग मी विचार करायला लागले, की घरी ठेवून या म्हणतात, तर ठेवला कुठे. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक कपड्यांची दोरी. ती गेल्यावर मी कपाटं उघडून बघायची, गादी उचलून बघायची, स्वतःशीच म्हणायची, असेल इथेच, एवढा मोठा राग होता, असा कसा हरवेल. वरच्या मजल्यावरचा एक माणूस मला थेरडी म्हणाला होता, तेव्हा या पोरीने शाळेला जाता जाता त्याच्या दाराबाहेरच्या दोन्ही बुटांत काठोकाठ पाणी भरून ठेवलं होतं. त्या बुटांत मासे पोहत होते असं मी पुढे कित्येकांना सांगितलंय, मासे नव्हते, पण पाणी होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. ते पाणी कुठे गेलं?

मी स्वतः बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले, केस पांढरे होईपर्यंत. हसले नाही कधी. लोक खिडकीशी यायच्या आधीच घाबरायचे, प्रश्न मनात पाठ करून यायचे, आणि मी त्यांच्या अंगावर ओरडायचे की तिकडे पाटी दिसत नाही का. पण हेही सांगते, माणूस रडवेला आला तर त्याला कुठल्या गाडीत बसवायचं ते मला कळायचं. आणि फारच कंटाळा आला की थापा. एका उदास दिसणाऱ्या माणसाला मी सांगितलं की तुम्ही जाताय त्या गावाच्या तळ्यातले मासे संध्याकाळी काठावर हवा खायला येतात. गेला बिचारा. परत येताना मुद्दाम खिडकीशी आला. मला वाटलं आता हा गळा धरतो. तर म्हणाला, आले होते, बाई, पण फार थोडे आले होते. मी त्याला ओरडले, उशिरा गेला असाल, म्हटलं. आता त्या खिडकीत कोण बसतं ते बघा जाऊन. काच आहे, काचेमागे गळ्यात पट्टा घातलेली एक मुलगी आहे, ती मान कलती करून म्हणते आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व. गाडी चुकते ती चुकतेच. पूर्वी निदान कुणीतरी तुमच्यावर चिडायचं. चिडणं म्हणजे समोरच्याला मोजणं असतं, हे या लोकांना कोण सांगणार. हसून हसून तुम्हाला पुसून टाकतात, फरशीवरच्या दुधासारखं.

चिंगीची आई म्हणजे माझी मुलगी. ती गेली. म्हणजे मेली नाही, गेली. दुसरं शहर, दुसरा संसार, आणि इकडे वळून बघणं नाही. पोर दाराकडे बघत बसायची. मग मी सुरू केलं. म्हटलं, तुझी आई प्रवाशांच्या एका मोठ्या जहाजावर मुख्य स्वयंपाकीण आहे, आणि तिच्या हाताला अशी चव आहे की बंदर आलं की उतारू रडायला लागतात, कप्तानाच्या पाया पडतात, नांगर टाकू देत नाहीत. त्यामुळे ते जहाज फिरतच राहतं. एकदा एक देवमासा वासाने मागे लागला, महिनाभर. एकदा दीपगृहाचा माणूस दिवा विझवून जेवायला आला, त्याच्यामुळे पाच जहाजं वाट चुकून तिच्याच जहाजाभोवती गोळा झाली. पोर हसायची. मी हात हलवून लाटा दाखवायची आणि ती हसायची. मोठी झाली तरी कधीतरी जेवताना मी नवा तुकडा जोडायची, आणि ती घास थांबवून माझ्याकडे बघून हसायची. ते हसू माझी कमाई होती. खिडकीतल्या नोकरीतून मला काय मिळालं, तर पाठदुखी; या गोष्टीतून ते हसू मिळालं. तेच आता कुणीही पैसे भरून खोली घेणारा माणूस फुकट नेणार, जाता येता, सामान उचलता उचलता. एका बेटावरच्या हॉटेलाचे लोक परीक्षेला येणार होते. ज्यांना ते निवडतील ती पोरं महिन्याच्या आत बेटावर. चिंगीला तेच हवं होतं. झोपेत बेटाचं नाव घ्यायची.

मी या संस्थेत कशी शिरले ते सांगते. पोरांना सरावासाठी पाहुणे लागतात. खडूस पाहुणे. त्यासाठी साखरबाई बाहेरची माणसं बोलावते, सरावाचे पाहुणे म्हणतात त्यांना. त्यांनी यायचं, काउंटरवर भांडायचं, नाकं मुरडायची, आणि समोरच्या पोराने शांत राहून त्यांना खूश करायचं. पालकांना बोलावलं होतं त्या दिवशी मी खाली लिफ्टवाल्याला झाडत होते, ते साखरबाईने ऐकलं आणि माझी तिथल्या तिथे भरती केली. माझी कप्तानीणबाई तिथे फार गाजली. कप्तानीणबाई म्हणजे एका कप्तानाची विधवा. नवरा बोटीवरच वारला, त्याला समुद्रातच सोडला, म्हणून तिला समुद्र दिसणारी खोली हवी, पण ज्या बाजूला सोडला ती बाजू दिसता कामा नये. पोरं घामाघूम व्हायची. उशीला दुसऱ्याच्या स्वप्नांचा वास येतो, अशी तक्रार केली की ती एकमेकांकडे बघायची. मला मजा यायची, आणि मजेच्या खाली रागही यायचा, कारण एकही पोर म्हणायचं नाही की बाई, तुमचं डोकं फिरलंय का. नियम एकच होता, नातलगाने आपल्या पोरासमोर बसायचं नाही. त्यामुळे चिंगीच्या वाट्याला नेहमी खोकलेकाका. ते खोटं खोकून खोकून खोलीत ओल आहे म्हणून भांडायचे. आणि नेमके परीक्षेच्या दिवशी ते आले नाहीत. खोकला खरा झाला होता.

बेटावरचे दोघे येऊन बसले होते, एक टायवाला आणि एक बाई जी काही बोलत नव्हती, नुसती पोरांच्या तोंडाकडे बघत होती, जसं बाजारात फळ दाबून बघतात तसं. चिंगीची पाळी आली आणि पाहुणा नाही. दुसऱ्या पोरांसाठी मी तिथे होतेच. साखरबाईने माझ्याकडे पाहिलं. हळूच येऊन म्हणाली, सांभाळून घ्याल ना तुम्ही, आणि मी म्हटलं, मी त्या मुलीला ओळखतच नाही. विनोद म्हणून म्हटलं, पण तोंडातून बाहेर पडल्यावर ते विनोदासारखं ऐकू आलं नाही. मी काउंटरपाशी गेले. घंटी वाजवली. चिंगीने मला लांबून डोळ्यांनी ओळख दाखवली, म्हणजे पाहुण्याला दाखवतात ती, आणि जवळ गेल्यावर ओठांनी. निळा कोट, घट्ट बांधलेले केस, कानांच्या पाळ्या साबणाने घासून लाल झालेल्या. त्या कानांत मी तेल घातलंय. मी समुद्राची तक्रार केली, तिने दुसऱ्या बाजूची खोली दिली. उशीची केली, तिने उशी बदलली आणि वर म्हणाली की ही नवी आहे, मॅडम, हिच्यात फक्त तुमची स्वप्नं राहतील. टायवाला मान डोलवायला लागला. उत्तर चांगलं होतं, माझ्याच जातीचं होतं, पण त्यावर ते हसू होतं, मुरंब्यावरच्या बुरशीसारखं, आणि मला ते खरवडून काढायचं होतं. मी तिच्या उच्चारांना नावं ठेवली. हसली. तिच्या हातांना नावं ठेवली. हसली. माझ्या कानांत माझंच रक्त आपटत होतं. आता परीक्षा कुठली, कप्तानीणबाई कुठली. माझ्यासमोर एक बंद दार होतं, मी त्यावर धक्के मारत होते, आणि आत माझी पोर आहे की नाही एवढंच मला कळायला हवं होतं.

"तुला तुझ्या आईने काही शिकवलं नाही का," मी म्हटलं. इथपर्यंत कप्तानीणबाई होती. आवाज तिचाच होता, नाकातला. पुढचा माझा होता. "कुठून शिकवणार म्हणा. ती तर तुला टाकून गेली. एकदा मागे वळून बघितलं नाही तिने."

तो लिंबाचा वास एकदम वाढल्यासारखा वाटला. साखरबाई खुर्चीतून अर्धी उठली. मी चिंगीच्या तोंडाकडे बघत होते, वाट बघत. आता. आता तडकणार. काही झालं नाही. मान तेवढीच कलती, हात तसेच एकात एक, ओठ जागच्या जागी. "मी आपल्या भावना समजू शकते, मॅडम," ती म्हणाली. "आपल्यासाठी मी आणखी काय करू शकते?"

ती न बोलणारी बाई पहिल्यांदा बोलली, टायवाल्याच्या कानात. तेव्हाच मला कळलं, निवड झाली. पोरीचा मुखवटा फाटावा म्हणून जे वाक्य मी फेकलं, त्यानेच तिला नोकरी लावली. मी काउंटरची कड घट्ट धरली. रागाने, दुसऱ्या कशाने नाही. मी म्हटलं, मला घरी जायचंय. ते कशातच नव्हतं, ना सरावात ना परीक्षेत. चिंगी काउंटरच्या मागून बाहेर आली, मॅडमसाठी गाडी बोलावते म्हणाली, आणि शिकवतात तसा माझ्या कोपराखाली हात धरून मला दारापर्यंत घेऊन गेली. हसत. पाठमोरी झाल्यावर तिची बोटं माझ्या दंडात रुतली. एवढ्या जोरात, की मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले नाही, कारण मागे ते दोघे बघत होते. म्हणजे मीसुद्धा हसले. ते हसू घेऊन मी लिफ्टने खाली आले, आणि लिफ्टच्या आरशात ते बघितलं, तर पाटीवरच्या त्या पोरीसारखे नुसते दात होते.

घरी येऊन मी बाही वर करून दंड बघत बसले. निळं व्हायला लागलं होतं. मला त्याचा आनंद होत होता हेही खरं. हा बघा सापडला, म्हटलं, इथे ठेवला होता तिने, बोटांच्या टोकांत. मी मनात भांडण मांडायला लागले. ती असं म्हणेल, मी तसं म्हणेन. दुपारभर मी ते भांडण इतक्या वेळा केलं, की दोन्ही बाजूंनी माझाच घसा बसला. संध्याकाळी दार वाजलं. ती आत आली, बूट न काढता उभी राहिली. तोंडावर काही नव्हतं. हसू नाही, राग नाही, धुतलेल्या ताटलीसारखं तोंड. निवड झाली, म्हणाली.

"ते कप्तानीणबाई बोलली का तू?" तिने विचारलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. कप्तानीणबाई, आणखी कोण, त्या विधवेला तोंडाचा धरबंध नाही, नवऱ्यालाही तिने बोलून बोलूनच पाण्यात ढकलला. हे म्हटलं असतं तर ती कदाचित फुर्र करून हसली असती. मी म्हटलं, "मी."

तिने मान हलवली. मग बूट काढले, एक एक, आणि जागेवर लावून ठेवले. मला ते सहन होईना. म्हटलं, अगं ओरड की, काहीतरी फोड, मी तुझ्या आईबद्दल चार माणसांत बोलले, तुला काहीच वाटत नाही का. तिथे नको, निदान इथे तरी. तुला त्यांनी आतून पार इस्त्री केलीय का. माझा आवाज चढत गेला आणि मला बरं वाटत गेलं, कारण हे भांडण माझ्या ओळखीचं होतं. तिने मला पूर्ण बोलू दिलं. ते तिला शिकवलंय, पाहुण्याचं बोलणं तोडायचं नाही. मी थांबले तेव्हा ती बोलायला लागली, हळू, पण तिचा आवाज खरखरीत होता, कुणीतरी तो खालून फरफटत आणत असल्यासारखा.

"आई कुठे आहे ते मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. खालच्या शिवणवाल्या मावशीने सांगितलं होतं. पत्ताही होता तिच्याकडे."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं ते जहाज, तो देवमासा, ते ऐकून घेत का बसलीस.

"तू सांगायचीस म्हणून. किती खुशीत यायचीस. हात असे उडवायचीस. मला रडू यायचं, आणि तू माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस, मी हसतेय का म्हणून. एकदा नव्हते हसले, तर तू दोन दिवस जेवली नाहीस. आठवतं तुला? नाही आठवत. मला आठवतं." ती ओरडत नव्हती, पण शेजारी भिंतीपलीकडे कुणीतरी ऐकायला थांबलं असावं असं वाटलं मला. "माझा चेहरा त्या साखरबाईने नेला म्हणून बोंबलत असतेस तू. तिने काय शिकवलं गं मला? वर्गात पहिल्या दिवशी तिने हसायला सांगितलं, बाकी सगळ्यांना दहादा करावं लागलं. मला एकदाच. मी घरून शिकून गेले होते."

ती आत गेली. कपाटावरून बॅग काढल्याचा आवाज आला, धूळ झटकल्याचा. मी बाहेरच्या खोलीत. माझा राग होता तिथेच होता, बरगड्यांखाली, पण आता तो वळून माझ्याचकडे बघत होता, आणि मला स्वतःवर रागवायची सवय नाही. कुठून धरायचं तेच कळत नव्हतं. खोटं आहे, म्हटलं मी मनात. रडू येणारं पोर असं हसत नाही. मग ते हसू आठवून बघितलं, एक एक. पहिलं, देवमाशाच्या वेळचं. दुसरं, दीपगृहाचं. कुठल्याच हसण्याआधी नाकातून फुर्र आलेलं मला आठवेना. इतकी वर्षं मी समोर बसून काय बघत होते? जिने खिडकीतून माणसाची चाल बघून त्याचं गाव ओळखलं, तिला हातभर अंतरावरचं पोर दिसू नये, याचा संताप आला, आणि तो संताप कुणा साखरबाईवर टाकायची सोय राहिली नव्हती.

मी दारात जाऊन उभी राहिले. ती कपडे घड्या घालून बॅगेत ठेवत होती, सुरेख, कडा जुळवून. माझ्या दंडाकडे तिची नजर गेली, परत घडीकडे गेली. तिने विचारलं नाही, मी दाखवला नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. मला बोलण्याची एकच रीत येते. "त्या बेटाबद्दल ऐकलंय मी," मी सुरू केलं, "तिथे म्हणे भरती आली की..." आणि माझे हात आपोआप वर उठले, लाट दाखवायला.

तिची मान जराशी कलती झाली. ओठांची टोकं वर सरकायला लागली, तिच्या नकळत, तिला न विचारता, जशी त्या लहान पोरीची सरकत असतील तशी. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे तिने पाहिलं. मी हात खाली घेतले. भरतीची गोष्ट तोंडात होती, पुरी, गरम, चांगली गोष्ट होती. ती मी गिळली, आणि ती घसा भाजत खाली गेली. चिंगीचे ओठ अर्ध्यावर थांबले. मग हळूहळू खाली आले, आणि खालीच राहिले.